पावसाळा सरला की गाडीचं ग्रीसिंग घरीच कसं करावं

आमची जुनी महिंद्रा कमांडर पावसाळाभर नाशिक ते गिरणाऱ्याच्या शेतापर्यंत ये-जा करते. वाटेतल्या फरशी पुलावरून पाणी वाहत असलं तरी आम्ही थांबतो कुठे? मग दसऱ्याच्या आधी गाडी धुवायला काढली की स्पीडब्रेकरवर ती म्हाताऱ्या खाटेसारखी कुरकुरत असते. ही कुरकुर घालवणं घरी जमण्यासारखं आहे. रविवारची एक सकाळ लागते आणि कपडे मात्र टाकून द्यायच्या लायकीचे घाला.

आधी गाडीखाली वाकून ग्रीस भरायचे निपल आहेत का ते बघा. वाटाण्याएवढं डोकं आणि त्यात बारीक गोळी बसवलेली, असं ते दिसतं. जुन्या जीपला पाट्यांच्या शॅकलवर (पाटे चासीला जोडणाऱ्या कड्या), टाय रॉडच्या (स्टिअरिंगच्या दांड्यांच्या) टोकांवर आणि इंजिनाची ताकद चाकांकडे नेणाऱ्या शाफ्टच्या जॉइंटमधल्या क्रॉसवर निपल असतात. नेमके किती आणि कुठे, हे गाडीच्या पुस्तिकेतल्या ग्रीसिंगच्या तक्त्यात मिळेल. हल्लीच्या बहुतेक छोट्या गाड्यांचे बॉल जॉइंट (चाकांजवळचे गोल सांधे) कारखान्यातूनच ग्रीस भरून बंद करून येतात. तिथे ग्रीस गन, म्हणजे ग्रीस दाबून भरायचा पंप, लावायला जागाच नसते, त्यामुळे जॉइंटवरची रबरी टोपी म्हणजे बूट फाटलाय का एवढंच बघायचं. फाटला असेल तर जॉइंट बदलायच्या तयारीला लागा. आवाज येतो म्हणून रबराच्या बुशांवर ऑइल किंवा साधं ग्रीस चोपडू नका, त्याने रबर फुगतं आणि मऊ पडतं. आमच्या शेजाऱ्यांच्या गाडीवर एका गॅरेजवाल्याने जळकं ऑइल मारून दिलं होतं. आठवडाभर आवाज गेला, नंतर बूशच गेले.

सामान फार लागत नाही. हाताची ग्रीस गन, लिथियमचं ग्रीस (दुकानात ‘एपी ३’ मागितलं की मिळतं, पण डब्यावर लिथियम लिहिलंय का ते वाचून घ्या), तारेचा ब्रश, थोडं डिझेल आणि भरपूर चिंध्या. वेगळ्या जातीची ग्रीस एकत्र करू नका. काही जोड्या एकमेकांत मिसळल्या की पातळ होऊन गळतात.

गन भरताना बहुतेकांची पहिली फसगत होते. मागची दांडी खेचून अडकवा, डोकं उघडा, नळीत ग्रीस दाबून भरा आणि मध्ये पोकळी राहू देऊ नका. डोकं परत बसवा, मग दांडी सोडून आत ढकला. हँडल मारूनही काही बाहेर येत नसेल तर आत हवा अडकलीय. डोकं एक फेरा सैल करून चार-पाच वेळा हँडल मारा, ग्रीस आलं की पुन्हा आवळा.

गाडी सपाट जागेवर घ्या, हँडब्रेक ओढा आणि चाकांना दगड लावा. जीपखाली तशी जागा असते, पण शॅकलवरचं वजन काढायला चासी जॅकने किंचित उचलली तर ग्रीस पिनेच्या सगळ्या बाजूंना पोचतं. उचलली तर खाली जॅक स्टँड लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर अंग आत घालायचं नाही म्हणजे नाही.

आता निपल पुसा. मला हे काम नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी शिकवलं. मी थेट गन लावायला गेलो तेव्हा ते म्हणाले, “दादा, आधी पूस, मग मार. नाहीतर तूच माती भरतोयस.” डिझेल लावून ब्रशने घासा, चिंधीने पुसा आणि निपलचं टोक चमकेपर्यंत सोडू नका.

गनचं तोंड सरळ दाबून बसवा आणि हँडल सावकाश मारा. पहिल्या दोन-तीन दाबांत शॅकलच्या कडेने चहाच्या रंगाचं पाणी येतं, त्यामागून काळा चिखल, मग काळं-पिवळं मिसळलेलं. शेवटी नवं, स्वच्छ ग्रीस कडेला वेटोळं घालतं, तिथे थांबा. क्रॉसला चारही टोकांतून नवं ग्रीस दिसलं पाहिजे. टाय रॉडच्या बुटाला मात्र असं भरत बसू नका. बूट बोटाने दाबत राहा, थोडा फुगला की बस्स. मी पहिल्याच वर्षी जोशात एक बूट फोडला होता. टायरमध्ये तीस-पस्तीस पीएसआय हवा असते, हाताची गन काही हजार पीएसआयपर्यंत दाब देते. म्हणून गनच्या तोंडावर बोट ठेवू नका. त्या दाबाने ग्रीस कातडीत घुसू शकतं. तसं झालं तर जखम बारीक दिसली तरी लगेच दवाखाना गाठा.

ग्रीस आत न जाता गनच्या तोंडातूनच परत येत असेल तर निपल तुंबलंय. पान्याने काढून डिझेलमध्ये भिजवा, गोळी तारेने दाबून बघा. हलत नसेल तर नवीन घ्या, स्वस्त मिळतं.

हे सगळं कुरकुरीसाठी. खटखट येत असेल तर पुढचं चाक उचलून वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर ग्रीस कितीही मारलं तरी उपयोग नाही. मिस्त्रीला दाखवा, आणि तोवर कसारा घाटात उतरू नका.

बाहेर आलेलं ग्रीस पुसून टाका, नाहीतर त्यावर धूळ बसून पॉलिश पेपर तयार होतो. ब्रेकच्या ड्रमवर किंवा पाइपवर थेंब राहू देऊ नका. मग गाडी दहा-बारा किलोमीटर फिरवून आणा, मी गंगापूर धरणापर्यंत जाऊन येतो. परत आल्यावर पुन्हा एकदा खाली वाका, कारण हलल्यावर थोडं ग्रीस आणखी बाहेर येतंच. तेही पुसा आणि गनच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी बांधून ती खुंटीला टांगा. पुढची पाळी मेअखेर, पाऊस यायच्या आधी.