दूध-लोणी नको, संत्र्याचा साधा केक

नागपुरी संत्री बाजारात आली की हा केक करायचाच. आधी साल किसा, फक्त वरचा केशरी भाग हं, पांढरा आला की केक कडू झालाच समजा, आणि तो कीस पाऊण कप साखरेत बोटांनी चोळा, साखर ओलसर होऊन मस्त घमघमाट सुटतो. त्यात 1 कप ताजा रस, अर्ध्या कपाला थोडं कमी तेल (शेंगदाण्याचं नको, वास मारतो). मग दीड कप मैदा, 1 चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा सोडा, चिमूटभर मीठ चाळून घाला. रसाच्या आंबटपणाने सोडा फसफसतो म्हणून दहीबिही लागतच नाही, पण म्हणूनच घोटत बसू नका, लगेच 7 इंची टिनमध्ये ओता नि तापलेल्या ओव्हनमध्ये 180 डिग्रीला 35-40 मिनिटं. सुरी कोरडी निघाली की झाला. गरम कापलात तर चुरा होईल.