हब मोटर बसवताय? या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात येळ्ळूरचा एक पोरगा हब मोटर, म्हणजे चाकाच्या मधोमध बसणारी मोटर, लावलेली सायकल टेम्पोत घालून बेळगावच्या उद्यमबागेतल्या माझ्या शेडवर आला. पुढचं चाक निखळलेलं, कोपराला पट्टी, बॅटरीची वीज मोटरला सोडणाऱ्या कंट्रोलरला जळका वास. राजहंसगडाच्या चढावर थ्रॉटल पूर्ण पिळला आणि चाक चिमट्यातून बाहेर आलं. "मामा, मोटरच खराब निघाली बघा," म्हणाला. मोटर ठणठणीत होती. ॲक्सल, म्हणजे चाकाचा मधला दांडा, फिरला होता.

हा प्रकार मी इतक्यांदा पाहिलाय की आता सायकल आली की आधी ॲक्सलच बघतो. साध्या सायकलचा ॲक्सल फक्त वजन पेलतो. हब मोटरचा ॲक्सल पीळही सोसतो, कारण मोटर चाकाला जितक्या जोराने पुढे फिरवते तितक्याच जोराने ॲक्सल मागे फिरू बघतो. त्याला अडवतं काय? १२ मिलिमीटरच्या ॲक्सलच्या दोन बाजू सपाट करून १० मिलिमीटर केलेल्या असतात, त्या चिमट्याच्या खाचेत बसतात, एवढंच. ४० न्यूटन-मीटरचा पीळ आला तर खाचेच्या कडांवर चारशे किलोपेक्षा जास्त जोर येतो. लोखंडी चिमटा तो बराच काळ सोसतो. ॲल्युमिनियमची खाच मात्र रुंदावते, नाहीतर तडकते. त्या पोराचा चिमटा ॲल्युमिनियमचा, वर शॉकॲबवाला. ॲक्सल फिरला तशा त्याच्या भोकातून येणाऱ्या वायरी पिळल्या, त्यांचं आवरण फाटलं, मोटरला वीज नेणाऱ्या तारांपैकी (फेज) दोन एकमेकींना चिकटल्या आणि कंट्रोलरही गेला.

"नट गच्च आवळलोय की," असं प्रत्येक जण म्हणतो. नुसत्या नटाच्या भरवशावर राहू नका. टॉर्क आर्म, म्हणजे ॲक्सलला फिरू न देणारी पट्टी, लावा. मी ६ मिलिमीटरच्या लोखंडी पट्टीतून तो कापून घेतो आणि खाच हाताने कानशीने घासतो, ॲक्सल हातोडीने हलकेच ठोकून आत जाईल इतपतच. हाताने सहज सरकला तर ती पट्टी बाद. थोडी जरी ढिलाई राहिली तरी मोटर तिथेच हिसके देत राहते आणि लोखंडालाही खाते. पट्टीचं दुसरं टोक ॲक्सलपासून दहा सेंटिमीटरवर चिमट्याला क्लॅम्पने बांधतो. आता तोच पीळ तिथे चाळीस किलोंवर येतो. ब्रेक लावताना बॅटरी चार्ज करणारी मोटर असेल तर पीळ दोन्ही दिशांनी येतो आणि नट हळूहळू सुटतो. तिथे दोन्ही बाजूंना आर्म लावल्याशिवाय मी सायकल परत देत नाही. नट आणि चिमटा यांच्यावर मिळून रंगाची एक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की थांबा आणि पाना काढा.

वॉशरही बघा. पुष्कळ चिमट्यांना खाचेभोवती उंच कडा असते. मोठा वॉशर त्या कडेवर तिरका बसतो आणि नट आवळला तरी पकड येत नाही. त्या खोलगटात बसेल असा लहान वॉशर घाला. शक्य असेल तर मोटर मागे, लोखंडी चिमट्यातच बसवा.

दुसरी चूक चढाची. जांबोटी रस्त्याने चोर्ल्याकडे निघालेले हौशी लोक वेग पडला की थ्रॉटल आणखी पिळतात. मोटरचा जोर करंटच्या प्रमाणात वाढतो, पण वाइंडिंगमधली, म्हणजे मोटरच्या आतल्या तारेच्या वेटोळ्यांमधली, उष्णता करंटच्या वर्गाने. जोर दुप्पट केला की उष्णता चौपट. माणूस आणि सायकल मिळून १०० किलो धरले, तर ८ टक्के चढावर ताशी १५ किलोमीटरच्या वेगाला साधारण ३५० वॉट लागतात. मोटर २५० वॉटची. राहिलेले पायांनी द्यायचे, म्हणून पेडल मारा. ज्यांना पेडल मारायचंच नाही त्यांना मी किट बसवून देत नाही. हब हाताला कोमट लागला म्हणून आतही सगळं थंड आहे असं समजू नका, विशेषतः गिअरवाल्या मोटरमध्ये, कारण तिथे वाइंडिंगची उष्णता बाहेर यायला वेळ लागतो. साध्या प्रतीची निओडिमियम चुंबकं ८० अंशांच्या पुढे कमजोर होऊ लागतात.

आपल्या चढउतारांना मी गिअरवाली मोटरच सांगतो. वजन दोन-तीन किलो, आतली मोटर चाकाच्या साधारण पाचपट वेगाने फिरते, त्यामुळे चढावर तिचा दम लवकर जात नाही. अथणीकडच्या सपाट रस्त्याला डायरेक्ट ड्राइव्ह, म्हणजे बिनगिअरची मोटर, चालेल, पण तिचं वजन पाच-सात किलो.

"९८ टक्के एफिशियन्सीची मोटर आणून द्या," असं सोलर गाडी बनवणारी कॉलेजची पोरं म्हणतात. तशी मोटर खरंच आहे. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेने १९९० च्या दशकात ऑरोरा या सोलर गाडीसाठी चाकातच बसणारी मोटर केली. तिच्या कॉइलमागे लोखंडी गाभाच नाही, त्यामुळे गाभ्यातली हानीही नाही. ही गाडी ज्या शर्यतीत धावायची तो डार्विन ते ॲडलेड हा सुमारे ३००० किलोमीटरचा रस्ता बहुतेक सपाट, एकसारख्या वेगाचा. सिग्नलवर थांबत जाणाऱ्या गाडीला तो आकडा मिळणार नाही. शिवाय अशा कॉइलचा इंडक्टन्स, म्हणजे करंटचे झटके अडवायची ताकद, फार कमी असतो. साधा कंट्रोलर जोडला तर करंट खालीवर होत राहतो आणि सगळं तापतं. फेजच्या तारांमध्ये वेगळे चोक, म्हणजे ते झटके अडवणारी जादा कॉइल, घालावे लागतात. पोरं ते विसरतात आणि मोटरला दोष देतात.

पॅनेलचंही तसंच. १२ व्होल्टचं पॅनेल उन्हात १८ व्होल्टच्या आसपास देतं, तर ३६ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरताना ४२ व्होल्ट लागतात. मध्ये व्होल्टेज चढवणारा एमपीपीटी (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा चार्जर) नसेल तर पॅनेल नुसतं छप्पर. आणि पॅनेल २५ अंशांच्या वर जितकं तापेल तितकी त्याची वीज अंशामागे साधारण ०.४ टक्क्याने घटते. छपराला चिकटवून बसवू नका, खालून वारा जाऊ द्या.

मोटर उलटी फिरते, घरघरते किंवा चाक उचलून मोकळं फिरवतानाच भरपूर करंट ओढते? हॉल सेन्सर (मोटर कुठवर फिरली ते कंट्रोलरला सांगणारे) आणि फेजची जोडणी चुकली आहे. वायरींचे रंग जुळले म्हणून विश्वास ठेवू नका.

नव्या मोटरचे स्पोक शंभर किलोमीटरनंतर ढिले पडतात, तेव्हा चाकाचा आउट, म्हणजे डगमग, काढून घ्या.

२५० वॉट आणि ताशी २५ किलोमीटर या मर्यादेबाहेर गेलात तर कायद्याने ती सायकल राहत नाही.

राहिलं पावसाचं. खानापूरच्या बाजूच्या पावसात वायर वरून उतरून सरळ ॲक्सलच्या भोकात जात असेल तर पाणी तिच्यावरूनच आत जातं. वायर आधी ॲक्सलच्या खाली उतरवून झोळ द्या, मग वर घ्या, म्हणजे थेंब झोळावरून गळून पडतो. मागच्या आठवड्यात एक हब उघडला तर वाटीभर तांबडं पाणी निघालं आणि बेअरिंग हाताने फिरेना.