कबाडीला हाक मारण्यापूर्वी

बदलीवर नागपुरात येणाऱ्या आपल्या पश्चिम महाराष्ट्राकडच्या मंडळींना भंगारवाला हा शब्द विसरावा लागतो. इथे तो कबाडी, आणि त्याच्या गाडीवर सर्वांत जास्त दिसतो तो कूलर. पारा ४५ अंशांपर्यंत चढणाऱ्या या शहरात कूलर घरोघरी असतो आणि त्याची लोखंडी टाकी पाण्याने गंजतेच. मृग बरसला की लोक वैतागून तो संपूर्ण नगावर देऊन टाकतात. असे करू नये. पंखा फिरत असेल तर कूलर होळीपर्यंत झाकून ठेवावा, कारण तेव्हा तो भंगार न राहता जुनी वस्तू म्हणून विकला जातो. टाकी गेलीच असेल, तर मोटर आणि पंप काढून घ्यावेत व पत्रा तेवढा वजनावर द्यावा. मोटरीची तार लालसर दिसली म्हणून ती तांब्याचीच समजू नये; पात्याने खरवडल्यावर आतून पांढरी निघाली, तर ती ॲल्युमिनियमची.

आता माझी चूक सांगतो. आजीचा तांब्याचा बंब मी साताऱ्याहून आणला होता आणि तो काजळीने काळाठिक्कर होऊन गॅलरीत पडला होता. आपण पश्चिमेकडचे लोक रद्दीच्या भावावर अर्धा तास हुज्जत घालतो. मीही तेच करत होतो आणि तेवढ्यात बंब कूलरच्या पत्र्यासोबत काट्यावर चढला. लोखंडाच्या कित्येक पट भावाचे तांबे मी लोखंडात घातले. नागपूरकर शेजाऱ्याने दुसऱ्या दिवशी शांतपणे विचारले, “भाऊ, चुंबक नव्हतं का जी घरी?” इथल्या माणसांचा हा मोकळेपणा पहिल्या वर्षी झोंबतो, नंतर उपयोगी पडतो.

म्हणून कबाडी दारात येण्यापूर्वीच ढीग वेगळे करावेत. चुंबकाला चिकटते ते बहुधा लोखंड. तांबे, पितळ आणि ॲल्युमिनियम चिकटत नाहीत. प्रत्येक ढीग घरच्या वजनकाट्यावर आधी तोलावा आणि भाव ढिगागणिक ठरवावा. एकत्र वजन कधीही मान्य करू नये, कितीही घाई असली तरी. तांब्यापितळेची धड भांडी तर कबाडीला दाखवूही नयेत. इतवारीतील भांड्यांच्या दुकानांत मोडीचा भाव विचारावा.

फ्रिज अंगणात फोडू देऊ नये. नव्या फ्रिजमधील आर-६००ए वायू पेट घेतो. नवा घेताना जुना बदल्यात द्यावा. इन्व्हर्टरच्या बॅटरीत शिसे आणि आम्ल असते, तेव्हा तीही दुकानातच परत करून तिची किंमत नव्या बिलातून वजा करून घ्यावी.