मृत्युपत्र करताना कुठे अडतं

मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, साधा कागद चालतो. नोंदणी सक्तीची नाही, पण वारसांत कुरबूर असेल तर दुय्यम निबंधकाकडे करून घ्याच.

आधी मिळकतीची यादी करा. जमिनीचा गट क्रमांक आणि क्षेत्र सातबाऱ्यावरून जसंच्या तसं उतरवा. ‘गावची जमीन थोरल्याला’ एवढंच लिहिलं, की कोणता गट यावरून भांडण जुंपतं. हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत फक्त आपला हिस्सा देता येतो.

खरी गोम साक्षीदारांत आहे. 1925 च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे किमान 2 हवेत. दोघांसमोर तुम्ही सही करा, मग तुमच्यासमोर ते करतील. ज्याला मिळकत मिळणार त्याला साक्षीदार करू नका, संशयाला जागा राहते. साक्षीदार सज्ञान, पण तुमच्यापेक्षा वयाने लहान निवडा. पुढे कोर्टात त्यांनाच बोलावतात. तुमचं वय झालेलं असेल तर मन शाबूत असल्याचा, सहीच्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडा.

बँकेत नॉमिनी लावला म्हणून मृत्युपत्र टाळू नका. नॉमिनी पैसे ताब्यात घेतो, मालक वारसच. पुढे बदल करायचा तर खाडाखोड नको. नवं मृत्युपत्र करा आणि ‘यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द’ असं त्यात स्पष्ट लिहा.