गरोदरपणाच्या आठव्या-नवव्या महिन्यातली कंबरदुखी: घरी करता येणारे हलके व्यायाम

पोट पुढे येतं तशी तोल सावरायला कंबर आत वळते. त्यात संप्रेरकांमुळे कटीचे सांधे सैल झालेले असतात, म्हणून सगळा भार पाठीच्या स्नायूंवर येतो. दिवसभर पडून राहिलं तर ते स्नायू आणखी आखडतात. मात्र वार (प्लॅसेंटा) खाली असेल, गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातला असेल किंवा बीपी वाढलेलं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही सुरू करू नका.

एकच व्यायाम जमणार असेल तर भिंतीचा करा. पाठ भिंतीला टेकवा, पावलं वीतभर पुढे आणि गुडघे किंचित सैल ठेवा. श्वास सोडत कंबरेमागची पोकळी भिंतीला लावा, पाच सेकंद थांबा, सोडा. असं ८-१० वेळा, दिवसातून दोन-तीनदा. बहुतेकजणी इथे श्वास रोखतात किंवा खांद्यांनी जोर लावतात. हालचाल फक्त ओटीपोट आणि कंबरेची हवी. स्वयंपाक करताना कुकरच्या शिट्या होईपर्यंतही हे उरकतं.

दुसरा मार्जारासनाचा सौम्य प्रकार. गुडघ्यांखाली घडी घातलेली गोधडी घ्या, तळहात खांद्यांच्या बरोबर खाली ठेवा. श्वास सोडत पाठ वर गोल करा आणि श्वास घेत सपाट करा. सपाटपाशीच थांबायचं, पोट खाली लोंबू दिलं तर कंबरेला उलटा ताण बसतो आणि दुखणं वाढतं. आठ वेळा पुरे. मनगटं दुखत असतील किंवा हातांना मुंग्या येत असतील तर हात पलंगाच्या कडेवर टेकवा.

चालायला ठाण्याची तलावपाळी किंवा नेरूळचं ज्वेल ऑफ नवी मुंबई उद्यान बरं. सकाळी १०-१५ मिनिटं, चालताना गप्पा मारता येतील इतक्याच वेगाने. पावसात ओल्या फरश्यांपेक्षा सोसायटीचं कोरडं पार्किंग चांगलं. जांघेत किंवा ओटीपोटाखालच्या पुढच्या हाडात दुखत असेल तर पावलं छोटी टाका आणि सलवार बसूनच घाला.

झोपताना कुशीवर, गुडघ्यांपासून घोट्यांपर्यंत पोहोचेल अशी उशी मध्ये घ्या. उठताना आधी कुशीवर वळा, दोन्ही पाय एकत्र खाली सोडा, मग हातांनी रेटून उठा. लोकलने जात असाल तर दिव्यांग डब्यात गरोदर बाईला बसता येतं. डॉक्टरांची चिठ्ठी पर्समध्ये असू द्या.

शेक कंबरेलाच द्या, पोटाला नको: टॉवेलात गुंडाळलेली कोमट पिशवी, दहा मिनिटं. आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक मनाने घेऊ नका. या दिवसांत त्याने बाळाच्या हृदयाजवळची रक्तवाहिनी वेळेआधीच आकुंचन पावू शकते.

दुखणं ठरावीक अंतराने येऊन-जाऊन होत असेल, रक्त किंवा पाणी जात असेल, बाळाची हालचाल कमी वाटत असेल, ताप किंवा लघवीला जळजळ असेल, पाय बधिर होत असतील, तर व्यायाम थांबवा आणि थेट दवाखाना गाठा.