तिव्याची सुई आणि पक्ष्यांची मूत्रपिंडे : पावसाळ्यासाठी पशुपालकांना सल्ला

मृगाच्या पेरणीपासून डवरणी आटोपेपर्यंत बैलाला उसंत नसते; जू घासून खांदे सुजतात, आणि पाऊस लागून राहिला की डासांबरोबर तिवाही (जनावरांचा तीन दिवसांचा ताप) गोठ्यात शिरतो. तापाने बसलेले जनावर उभे करण्यासाठी ‘दुखण्याची सुई’ अनेकदा परस्परच टोचली जाते. बैलाला आराम पडतो, म्हणून ती सुई कोणती होती हे कुणी विचारत नाही. ती डायक्लोफेनॅकची असेल, तर तिचा घाव पक्ष्यांवर बसतो.

कोंबडीच्या विष्ठेवर जो पांढरा भाग दिसतो, ते युरिक आम्ल असते. पक्ष्यांच्या शरीरातील नत्राचा कचरा मुख्यतः याच रूपात बाहेर पडतो, आणि तो रक्तातून वेगळा काढण्याचे काम कमरेच्या हाडाच्या खोलगटात बसलेली मूत्रपिंडे करतात. डायक्लोफेनॅकमुळे या मूत्रपिंडांच्या नलिकांतील पेशी मरतात, युरिक आम्ल रक्तात साचते आणि त्याचे बारीक स्फटिक हृदयावर व यकृतावर जमू लागतात. असा मेलेला पक्षी उघडून पाहिला, तर काळजावर चुन्याचा हात फिरवावा तसा पांढरा थर दिसतो आणि तो बोटाला खडूच्या भुकटीसारखा लागतो.

आपल्या आकाशातली गिधाडे याच कारणाने गेली. सुई दिल्यावर दोन-तीन दिवसांत दगावलेले जनावर ढोरफोडीवर टाकले जाई, एकाच मढ्यावर गिधाडांचा थवा उतरे, आणि पुढच्या काही दिवसांत ती झाडांवर माना टाकून बसत व खाली पडत. हे कोडे २००४ साली उलगडले. शंभरांतल्या एकाहूनही कमी मढ्यांत हे औषध असले तरी एवढा संहार होऊ शकतो, असे अभ्यासकांच्या गणितातून दिसले. म्हणूनच ‘माझ्या एका बैलाने काय होणार’ हा विचार येथे चालत नाही. २०२४ साली हरियाणातल्या पिंजोरच्या प्रजनन केंद्रातील गिधाडे पेंच आणि ताडोबात आणली गेली आहेत, आणि जंगलाची हद्द काही गिधाडांना कळत नाही.

जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर २००६ पासून बंदी आहे. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जात, म्हणून २०१५ साली त्याही बंद करून एका मात्रेचीच कुपी ठेवण्यात आली. २०२३ साली किटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफेनॅक यांवर बंदी आली. अॅसिक्लोफेनॅक जनावराच्या शरीरात गेल्यावर त्याचे डायक्लोफेनॅकच होते, त्यामुळे नाव बदलले तरी विष तेच. निमेसुलाइड आणि फ्लुनिक्सिनही गिधाडांना घातक आहेत. मेलॉक्सिकॅम किंवा टोलफेनॅमिक आम्ल हे पर्याय गिधाडांना सुरक्षित ठरले आहेत, आणि बैलाच्या सुजेवर व तापावर मेलॉक्सिकॅम चांगले काम करते. सुई भरण्याआधी कुपीवरचे नाव वाचून घ्यावे. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकराकडून वाचून घ्यावे. मात्रा मात्र पशुवैद्यकानेच ठरवावी. त्यासाठी १९६२ या क्रमांकावर फोन करता येतो.

परसातल्या कोंबड्यांबाबतही हीच काळजी हवी. मानमोडीच्या (राणीखेत रोगाच्या) भीतीने काहीजण घरातली अंगदुखीची गोळी कुटून पाण्यात टाकतात. त्याने रोग हटत नाही, उलट मूत्रपिंडे जातात. मानमोडीवर वेळेवर लस हाच उपाय आहे. पांढरा थर दिसला म्हणजे दोष औषधाचाच, असेही समजू नये, कारण पाणी कमी पडले किंवा लहान पिलांना अंड्यावरच्या कोंबड्यांचे जास्त चुन्याचे खाद्य दिले तरीही असाच थर जमतो. म्हणून मेलेली कोंबडी उकिरड्यावर न फेकता पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावी, आणि पाण्याचे भांडे दिवसातून दोनदा धुऊन भरावे.

जनावर सुई दिल्यानंतर आठवड्याच्या आत दगावले आणि औषध कोणते होते याची खात्री नसेल, तर ते ढोरफोडीवर टाकू नये, विहीर व नाल्यापासून दूर खोल खड्ड्यात पुरावे. कोणती सुई कोणत्या तारखेला दिली, हे गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने लिहून ठेवले तरी पुरते.