लग्नपत्रिका: छापण्याआधी काय तपासावं, वाटताना काय पाळावं

डिझाइनपासून सुरुवात करू नका. लोक नमुने चाळण्यात संध्याकाळच्या संध्याकाळ घालवतात आणि मजकूर मात्र प्रेसच्या काउंटरवर उभ्या उभ्या सांगतात. कार्यालय आणि वेळ पक्की झाली की आधी यादी, मग मजकूर, आणि सगळ्यात शेवटी कागद.

यादी. माणसं नव्हे, घरं मोजा. वेगळं बिऱ्हाड असलेला मुलगा म्हणजे वेगळं घर. येईल त्या आकड्यावर दहा-पंधरा टक्के जास्त छापा. ऑफसेट छपाईत मोठा खर्च प्लेट बनवून मशीन लावण्याचा असतो. त्यामुळे शेवटच्या पंचवीस प्रती जवळपास कागदाच्या भावात पडतात, आणि त्याच नंतर वेगळ्या मागितल्या तर खिसा कापतात. पाकिटं त्याहून थोडी जास्त घ्या, नावं लिहिताना काही वाया जातातच.

कागद. २५० ते ३०० जीएसएमचं (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) कार्ड पुरे. गडद कागदावरची सोनेरी अक्षरं दुकानातल्या दिव्यांखाली झळकतात, घरी मात्र पत्रिका तिरकी धरल्याशिवाय वाचता येत नाहीत. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाच्या हातात नमुना द्या. त्याने डोळे बारीक केले की नमुना बाद.

प्रूफ, म्हणजे छपाईआधी तपासायला मिळणारी नमुना प्रत. सगळी गोची इथे होते आणि याबद्दल कुणी धड सांगत नाही. ‘नीट वाचून घ्या’ एवढाच सल्ला मिळतो. तो कुचकामी आहे, कारण मजकूर तुम्हीच लिहिलेला असतो आणि डोळे छापलेलं नाही, मनातलं वाचतात.

पहिलं म्हणजे, चुका कुठून येतात ते समजून घ्या. तुम्ही व्हॉट्सॲपवर पाठवलेला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांवर चालणाऱ्या अक्षर-संकेतात असतो, आणि बऱ्याच प्रेसमध्ये अजून तो संकेत न पाळणारे जुने फाँट चालतात. त्यात मजकूर नुसता चिकटवला की अक्षरांचा चुरा होतो. मग ऑपरेटर तो पुन्हा टाइप करतो किंवा कन्व्हर्टरमधून काढतो, आणि रफार, जोडाक्षरं, ‘ऱ्या’ तिथेच घसरतात. म्हणून ‘मी बरोबरच पाठवलं होतं’ याला काही अर्थ नाही.

प्रूफ मोबाइलवर पास करू नका. मूळ मापात कागदावर काढून घ्या. एकाने मूळ मजकूर मोठ्याने, शब्द तोडून वाचायचा, दुसऱ्याने प्रूफवर बोट ठेवून पाहायचं. ज्याचं नाव छापलंय त्याला ते दाखवा. आडनावातली वेलांटी तुमच्यापेक्षा त्याला जास्त कळते. ‘आशिर्वाद’ आणि ‘विनित’ हमखास येतात, ‘आशीर्वाद’ आणि ‘विनीत’ करून घ्या. वार आणि तारीख कॅलेंडर समोर ठेवून जुळवा. नक्षीदार फाँटमध्ये १ आणि ९ सारखे दिसतात, तेव्हा वेळ साध्या फाँटमध्येच घ्या. छापलेला फोन नंबर प्रूफवरूनच लावून बघा. नकाशाचा क्यूआर कोड असेल तर तो कागदावरून स्कॅन करा, तोही दोन वेगळ्या फोनवर. गडद पार्श्वभूमीवरचा पांढरा कोड काही फोन वाचतच नाहीत.

आणि आता खरा धोका. दुरुस्ती झाल्यावर लोक फक्त दुरुस्त केलेली ओळ बघतात. मी एका प्रेसकडून मामांचं आडनाव सुधारून घेतलं. आडनाव चोख आलं, पण दुरुस्ती जुन्या फाइलमध्ये झाली होती, त्यामुळे आदल्या दिवशी बदललेली वेळ पुन्हा मूळ पदावर. म्हणून प्रत्येक प्रूफ पहिल्या अक्षरापासून वाचायचं, कितीही कंटाळा आला तरी. शेवटच्या प्रुफावर ‘छापा’ असं तारखेसह लिहून सही करा आणि त्याचा फोटो ठेवा. प्रेसवाला घाई करत असेल तर करू दे. चूक निघाली की चिकटपट्ट्या लावत बसायला तो येत नाही.

पाठवणं. परगावच्यांना सहा ते आठ आठवडे आधी, जवळच्यांना तीन-चार. पोस्टाने पाठवत असाल तर तिकिटं घेण्याआधी एक पूर्ण भरलेलं पाकीट वजन करून घ्या. जाड कार्ड हलक्या पत्राच्या दरात बसेलच असं नाही. पाकिटावर मणी, लाखेची मोहोर असलं काही नको, वाटेत तुटतं. ‘सहकुटुंब’ लिहायचं की एकट्याचंच नाव, हे यादी करतानाच ठरवा, नाहीतर पाकिटं लिहिताना घरात वाद होतो.

व्हॉट्सॲपवर पाठवायला माझी हरकत नाही, ग्रुपवर टाकून मोकळं होण्याला आहे. तिथे कुणालाच आपल्याला बोलावल्यासारखं वाटत नाही. प्रत्येकाला वेगळं पाठवा, वर त्याच्या नावाने स्वतः लिहिलेली एक ओळ. व्हिडिओ पत्रिकेत तारीख दोन सेकंद दिसते आणि गाणं दीड मिनिट वाजतं, म्हणून सोबत साधं चित्रही जोडा. यादीत ‘पाठवली’ आणि ‘पोचल्याचं कळलं’ असे दोन वेगळे रकाने ठेवा. आठवडाभरात दुसरा रकाना रिकामा दिसला तर सरळ फोन करा.